'मोबाइल दिला नाही म्हणून' एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या शहर पानावर एक बातमी होती. आईनं मोबाइल काढून घेतला म्हणून दहावीतल्या मुलीनं जीव देण्याचा प्रयत्न केला, मुलगी आता धोक्याबाहेर आहे. मजकूर चार ओळींचा, मथळा मात्र जाड टायपात, आणि त्यात मोबाइल. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांत त्यावर लगेच निकाल लागला. 'हल्लीच्या मुलांना नाही ऐकायची सवयच राहिली नाही' असं एकीनं म्हटलं, 'लाडावून ठेवतात' असं दुसरीनं, आणि विषय मटारच्या भावावर गेला. मला तो तिथं सोडवेना, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण शक्यतो कापू नये ही विनंती.

मी इंदूरच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. नोकरीतला बराच काळ मेडिसिनच्या वॉर्डांत गेला. अशी मुलं रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीतून वर यायची. चौदा-पंधरा वर्षांची, सोळा-सतरा वर्षांची, मुली जास्त. जीव वाचवायचं काम डॉक्टर करायचे. त्यानंतरचे तीन-चार दिवस ती मुलं आमच्या हाताखाली असायची. सलाइन बदलताना, बीपी घेताना, चादर सरळ करताना जे कानावर पडतं ते केसपेपरवर उतरत नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून पुढच्या हकिगतींतले तपशील मी बदलले आहेत. मुलं जे बोलली ते मात्र तसंच ठेवलं आहे.

घरच्यांकडे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी तयार असायचं. मोबाइल, टेस्टचे मार्क, कुणा मुलाचं नाव, आईची एक थप्पड. ती खोटं बोलत नसत. त्या दिवशी ते खरंच घडलेलं असायचं. चौकीतून बयान घ्यायला येणाऱ्या हवालदारालाही एका ओळीत बसेल असंच कारण हवं असायचं. तीच ओळ पुढे चौकीतून आपल्या बातमीदाराच्या हाती पडते. अशा रीतीनं शेवटचं भांडण हेच कारण होऊन बसतं, आणि मागची दोन-तीन वर्षं कुणी विचारत नाही.

एक मुलगा होता, सतरा वर्षांचा. भंवरकुव्याला, आमच्या कोचिंग क्लासेसच्या भागात, कोचिंगला जायचा, अभ्यासात बरा होता. वडिलांनी सांगितलं, टेस्टमध्ये मार्क कमी आले, त्याचं टेन्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड जरा शांत असताना मी त्याला सहज विचारलं, "घरात कोण कोण असतं रे?" म्हणाला, सगळे आहेत. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मम्मी-पप्पा एकमेकांशी बोलत नाहीत. 'पप्पांना सांग, दूधवाल्याचे पैसे द्यायचेत.' 'मम्मीला सांग, मी जेवून आलोय.' आठवीत असल्यापासून हे चाललेलं. पुढचं वाक्य तो हिंदीत बोलला: "मुझसे कोई बात नहीं करता, सिस्टर, सब मुझसे कहलवाते हैं." मार्क कमी आले होते हेही खरंच होतं. पण ते घरी सांगायचे कुणाला? आई-वडील दोघंही दवाखान्यात यायचे. दोघांचेही डोळे सुजलेले असायचे. पण एक आत आला की दुसरा बाहेर व्हरांड्यात उभा. मुलाच्या खाटेच्या दोन बाजूंना दोघं एकाच वेळी उभे राहिलेले मी पाहिले नाहीत.

एनसीआरबीच्या, म्हणजे गुन्ह्यांच्या आणि आत्महत्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, २०२१च्या अहवालात अठरा वर्षांखालच्या १०,७३२ मुलांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी परीक्षेतल्या अपयशाच्या रकान्यात ८६४ आहेत आणि कौटुंबिक समस्यांच्या रकान्यात ३,२३३. हे गेलेले. जे वाचले त्यांची संख्या याच्या कितीतरी पट असते आणि ती नीट कुठंच मोजली जात नाही. निकालाच्या दिवसांत आपण सगळे पहिल्या रकान्याबद्दल बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण दुसऱ्या रकान्यात काय काय कोंबलेलं असतं, ते मी खाटांवर पाहिलं आहे. दारू पिऊन वडील घरी यायच्या वेळेला पोटात गोळा येणारी मुलं. भावाला गाडीची किल्ली, आणि मैत्रिणीकडून परतायला पंधरा मिनिटं उशीर झाला तर बहिणीची उलटतपासणी. दहावी होते न होते तोच बघण्याचे कार्यक्रम. घरात कर्ज झालेलं, मुलांपासून लपवलेलं, आणि मुलांना सगळं ठाऊक असलेलं. मावसभावाचे, शेजारच्या मुलाचे टक्के जेवणाच्या ताटाबरोबर वाढले जायचे.

आणि एक असं, जे सांगायला कुणी धजत नाही. एका मुलीला सुट्टीत एका नातलगाच्या घरी जायचं नव्हतं. का, ते तिनं आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये." मुलीनं ते पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. तिच्या बाबतीत घरच्यांनी सांगितलेलं कारण होतं, 'हट्टी आहे, पाठवतो म्हटलं तर तमाशा करते.' मी डॉक्टरांना सांगितलं आणि पुढची कायदेशीर कारवाई झाली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानं अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, घरच्यांवरसुद्धा. हे बऱ्याच आयांना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्या घराण्याच्या नावाला भितात.

आई-बापांना पिंजऱ्यात उभं करायला मी हे लिहीत नाही. माझ्यासमोर उभे असलेले बहुतेक आई-बाप दमलेले होते. दोन दोन नोकऱ्या, म्हातारे सासू-सासरे, फ्लॅटचे हप्ते. काही मुलं अशीही होती की घरात काही वावगं नव्हतं. मुलालाच डिप्रेशनचा आजार होता आणि तो कुणाला ओळखू आला नव्हता. या वयात तो ओळखायला अवघड जातो, कारण मूल नेहमी रडतंच असं नाही. चिडतं, दार आपटतं, उलट बोलतं. घर म्हणतं, वय आहे, शिंगं फुटलीत. रात्रभर जागणं, दुपारपर्यंत लोळणं, आवडीचं खेळणं-गाणं सोडून देणं, मित्रांना टाळणं, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर बरं होईल' असं हसत हसत म्हणणं. यांतलं दोन आठवडे सलग काही दिसलं, आणि शेवटच्या दोन गोष्टी तर एकदा दिसल्या तरी, ते वयावर ढकलू नये. ज्याला आपण रागाच्या भरात म्हणतो तो भर या वयात फार मोठा असतो. भावना उसळतात मोठ्या माणसासारख्या, आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. पण ती लाट ओसरतेही. पुष्कळदा काही तासांतच. म्हणून घरातली औषधं आणि विषारी वस्तू मोठ्यांच्या ताब्यात, कुलपात असाव्यात. या साध्या गोष्टीनं जीव वाचतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. मूल शुद्धीवर आल्यावर घरचं माणूस त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलतं, इथपासून पुढचं बरंच ठरत जातं. बहुतेक वेळा ते वाक्य असायचं, "आमच्या तोंडाला काळं फासलंस." किंवा, "आम्ही काय कमी केलं तुला?" बोलणाऱ्या आईच्या पोटात भीतीनं कालवाकालव झालेली असते, ती मला दिसत असे. पण त्या मुलीला ऐकू येतं ते एवढंच, की मी जगले तेसुद्धा यांना त्रासाचंच झालं. ती भिंतीकडे तोंड करते. मग सगळे म्हणतात, बघा, काही बोलायलाच तयार नाही.

एका मुलीची आजी मात्र वेगळी होती. सत्तरीची असेल, नऊवारीतली. आईबरोबर आली, आई रडत होती, वडील फोनवर नातेवाइकांना काहीतरी सांगत होते. आजीनं पिशवीतून फणी काढली. दोन दिवस पडून राहिल्यानं पोरीच्या केसांचा पार गुंता झालेला. आजी उशाशी बसली आणि टोकाकडून, एक एक बट हातात धरून, ओढ बसणार नाही अशा बेतानं गुंता सोडवायला लागली. औषधाची ट्रॉली घेऊन मी दोनदा तिथून गेले तरी तिचं चाललेलंच. बोलली काहीच नाही. वेणी घालून झाल्यावर रबर लावता लावता म्हणाली, "तुला मरावंसं वाटत होतं का गं? किती दिवसांपासून? सांग मला. मी रागवायची नाही, आणि कुणाला सांगण्याआधी तुला विचारीन." आजीनं मराठीत विचारलं, नात हिंदीत बोलत राहिली, आमच्या इंदुरी घरांतून हे असंच चालतं. पण ती बोलली. वर्षभराचं सगळं बोलली. वर्गातल्या मुलींचा ग्रुप, त्यातून तिला काढून टाकणं, तिच्या फोटोवर चाललेली चेष्टा, आणि घरी सांगितलं तर फोनच काढून घेतील ही भीती. शेवटी फोन काढून घेतलाच गेला, कारण ती सारखी त्यातच डोकं घालून असायची. बाहेरच्याला यातलं दिसलं असतं ते एवढंच, 'मोबाइल दिला नाही म्हणून.'

असं उघड विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, असं पुष्कळांना वाटतं. सुशिक्षित घरांतही वाटतं. तसं होत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट, ज्याच्या मनात तो विचार आहे त्याला कुणीतरी नाव घेऊन विचारलं की सुटल्यासारखं होतं. विचारायचं ते शांतपणे, आणि उत्तर काहीही आलं तरी भाषण न देता ऐकून घ्यायचं. मग त्याला एकटं न सोडता डॉक्टरकडे न्यायचं.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर काय व्हायचं? प्रकृती जरा सावरली की घरच्यांना घाई व्हायची. काहीजण आपल्या जबाबदारीवर सही करून घेऊन जायचे. नातेवाइकांना सांगायचे, फूड पॉइझनिंग झालं होतं. घरी गेल्यावर त्या विषयाला बंदी. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असायचं, पण आमच्या शहरात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बाणगंगेचं मनोरुग्णांचं इस्पितळ उभं राहतं. "बाणगंगेला नेऊ का पोरीला? उद्या लग्न कोण करील?" हे मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं आहे. आता मनोविकारतज्ज्ञ साध्या ओपीडीत भेटतात, औषधं इतर औषधांसारखीच असतात, आणि पुष्कळ मुलांना तर औषध लागतही नाही, नुसत्या बोलण्याच्या उपचारांनी गुण येतो. पण घर जिथं गप्प बसायचं ठरवतं, तिथंच धोका सर्वांत मोठा असतो. आधी एकदा प्रयत्न झालेला असणं हीच पुढच्या धोक्याची सर्वांत मोठी खूण मानतात, आणि दवाखान्यातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे व महिने सर्वांत नाजूक असतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच शहरांत केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपलं चेन्नई होतं, श्रीलंकेतलं कोलंबो होतं. ब्राझील, इराण आणि चीनमधलं एकेक शहर होतं. प्रयत्नातून वाचलेले १,८६७ जण, सगळ्या वयांचे. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याबरोबर घरी जाण्याआधी तासभराचं समजावून सांगणं, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: कसा आहेस, काही लागतंय का, कुणाकडे जायचं ते ठाऊक आहे ना. दीड वर्षानंतर पाहिलं तर पहिल्या गटातल्या २.२ टक्के लोकांनी आत्महत्या केली होती, दुसऱ्या गटातल्या ०.२ टक्के लोकांनी. महागडं औषध नाही, मशीन नाही. कुणीतरी धरून ठेवलेली ओळख, एवढंच. हे आपल्याकडच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं. वॉर्डातली एक सिस्टर किंवा समाजसेवक, एक फोन आणि एक वही, एवढ्यात ते बसतं. तोवर हे नऊ फोन मावशी, काका, वर्गशिक्षिका, शेजारच्या वहिनी यांतलं कुणीही करू शकतं.

पोलिसांच्या भीतीनं खरं लपवणाऱ्यांसाठी दोन ओळी. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम राहिलेलंच नाही. दवाखान्यात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होते, बयान होतं, पण त्यानं मुलाचं करिअर संपत नाही. डॉक्टरांना मात्र जे झालं ते खरं आणि लगेच सांगावं, उपचार त्यावर अवलंबून असतात.

शाळा-कोचिंगबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ला मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक असावा, मार्कांवरून वेगळ्या बॅचेस पाडू नयेत, मुलांना चारचौघांत अपमानित करू नये, पालकांसाठीही कार्यक्रम घ्यावेत. आपल्या मुलाच्या कोचिंगमध्ये समुपदेशक आहे का, हे फी भरताना पालकांनी विचारावं. नुसतं विचारलं तरी फरक पडतो.

आणि आपण मराठी मंडळी? रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, सगळीकडे आपली मंडळं आहेत, गणपतीत दहा दिवस स्पर्धा असतात, गुणवंतांचे सत्कार असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, बोर्डाच्या परीक्षेच्या ऐन तोंडावर, घरच्या पोरीला ताटातले तिळगूळ फिरवायला लावून दहा बायका विचारतात, 'मग, किती पडतील?' तिच्या चेहऱ्याकडे कुणी पाहत नाही. सत्कार जरूर करावेत. पण त्याच मांडवात एका संध्याकाळी मनोविकारतज्ज्ञांना बोलवावं, पालकांना प्रश्न विचारू द्यावेत. कोणत्याही मंडळानं बोलावलं तर मी स्वतः यायला तयार आहे, वॉर्डात पाहिलेलं सांगायला.

संपादक महोदय, शेवटचं मागणं आपल्याकडे. प्रेस कौन्सिलनं २०१९ साली आत्महत्येच्या बातम्यांसाठी सूचना काढल्या आहेत: भडक मथळा नको, ठळक जागा नको, पद्धतीचं आणि ठिकाणाचं वर्णन नको, फोटो नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एकच कारण चिकटवू नये, आणि मदत कुठं मिळेल ते छापावं. आपल्या त्या बातमीत वस्तीचं नाव होतं, शाळेचं नाव होतं, वडिलांचा व्यवसाय होता. ती मुलगी घरी येऊन त्याच गल्लीतून त्याच शाळेत जाणार आहे. तिच्या वर्गातल्या मुलींनी ती बातमी वाचली असणार, एकमेकींना पाठवलीही असणार.

म्हणून विनंती अशी. यापुढे अशा मुलांच्या बातमीत शाळा, वस्ती, घर ओळखू येईल असं काही देऊ नये. मथळ्यात कारण घालू नये. आणि बातमीखाली दर वेळी, न चुकता, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक छापावा: १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीतही बोलता येतं. मुलांनीच करावा असं नाही, 'माझ्या मुलाशी काय बोलू' हे विचारायला आई-बापांनीही करावा. १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन असतो. त्या दिवशी पालकांच्या प्रश्नांना मनोविकारतज्ज्ञांची उत्तरं असं एक पान आपण काढलंत, तर प्रश्न गोळा करायचं काम आमच्या फिरायला जाणाऱ्या बायका करतील. त्यांना मी विचारलं आहे, त्या तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
लोकमान्य नगर, इंदूर